अंबिकापूरच्या स्वच्छता दीदी



सकाळचं आटोपून रेडिओ लावला असेल, तर आधी एक आठवून बघा. आज घराबाहेर काय काय टाकलं? भाजीची देठं, चहाचा चोथा, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, शाम्पूची पुडी, दुधाची पिशवी. आपल्या आजी-सासूबाईंच्या काळी सगळं उकिरड्यावर जायचं, वर्षभरात त्याचं खत व्हायचं आणि शेतात पडायचं. आता त्याच खतातून प्लास्टिकच्या पिशव्या निघतात. त्या रानात पसरतात, गाईगुरांच्या पोटात जातात.

गावात एवढं होतं, तर शहराचं काय होत असेल? म्हणून आज एका लहान शहराची गोष्ट सांगते. शहर आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधलं, पण काम केलं ते तुमच्या-माझ्यासारख्या बचत गटाच्या बायांनी.

अंबिकापूर हे छत्तीसगडच्या उत्तरेचं, सरगुजा जिल्ह्याचं ठिकाण. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, प्रभाग 48. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथलं चित्र कुठल्याही लहान शहरासारखंच होतं. नाल्या तुंबलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग, आणि सगळा कचरा पंधरा-सोळा एकरांच्या एका कचरा डेपोवर नेऊन ओतायचा. मोठ्या शहरांसारखी महागडी यंत्रं घ्यायला लहान शहराकडे पैसा कुठून येणार?

2015 च्या सुमारास तिथल्या प्रशासनाने वेगळा विचार केला. कचरा एकत्र करून लांब नेण्यापेक्षा तो दारातच वेगळा घ्यायचा, आणि हे काम ठेकेदाराला न देता बचत गटांतल्या महिलांना द्यायचं. आधी एका प्रभागात करून पाहिलं. तिथे जमलं, मग हळूहळू सगळ्या शहरात नेलं.

काम कसं चालतं ते नीट ऐका, कारण त्यातलं बरंचसं आपल्याला करता येण्यासारखं आहे. प्रत्येक घरात दोन डबे, एक ओल्या कचऱ्याचा, एक सुक्याचा. सकाळी सायकल रिक्षा घेऊन महिला येतात. कोणत्या गटाने कोणती घरं घ्यायची हे ठरलेलं असतं. गोळा झालेला कचरा जवळच्याच केंद्रावर जातो. अशी सतरा-अठरा केंद्रं शहरभर उभी राहिली. केंद्र जवळ असल्यामुळे रिक्षाने काम भागतं, ट्रकच्या डिझेलचा खर्च वाचतो.

केंद्रावर पुन्हा निवडणं. आपण तांदूळ निवडतो तसं. पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या, पातळ पिशवी वेगळी, जाड वेगळी, पत्रा वेगळा. सगळं एकत्र असेल तर कुणी फुकटही नेत नाही. स्वच्छ आणि वेगळं केलेलं असेल तर त्याला भाव येतो. ओल्याचं खत होतं. घरामागे दरमहा थोडी रक्कम घेतली जाते. ती रक्कम आणि विक्रीचे पैसे, यांतून काम चालतं. साडेचारशेच्या आसपास महिला या कामाला लागल्या. लोक त्यांना ‘स्वच्छता दीदी’ म्हणतात.

कचऱ्याला हात लावायचा, तोही दुसऱ्याच्या, हे सोपं नाही. आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या काही जातींच्याच माथी मारलेलं आहे. म्हणून त्या बाईला ‘दीदी’ म्हणून हाक मारणं ही मला साधी गोष्ट वाटत नाही. पण मैत्रिणींनो, नुसत्या मानाने चूल पेटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्यांना महिन्याला पाच हजारांच्या आसपास मिळत होते. एवढ्या कष्टाला हे पुरेसे आहेत का, हे तुम्हीच सांगा. उद्या आपल्या गटाने असं काम घेतलं, तर हातमोजे, बूट, औषधपाणी आणि ठरल्या तारखेला मोबदला हे पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यायचं. सेवा म्हणून फुकट राबायचं नाही.

शहराचं पुढे काय झालं? कचरा यायचाच थांबला, तेव्हा तो डेपो रिकामा करता आला आणि तिथे बाग झाली. 2019 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या खालोखाल अंबिकापूरचा देशात दुसरा नंबर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बसस्थानकावर एक उपाहारगृह सुरू झालं. एक किलो प्लास्टिक आणून द्या, पोटभर जेवा. अर्धा किलो आणा, नाश्ता करा.

असं काही आपल्याकडे होणार नाही, असं म्हणू नका. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेनेही घराघरांतून वेगळा केलेला कचरा घेतला, ओल्याचा गॅस केला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्याला वापरला, आणि कचऱ्याच्या जागी बाग उभी केली.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. आराखडा कार्यालयात झाला असेल, पण तो चालला घराघरांतल्या दोन डब्यांवर. बाईने डबा वेगळा केला नसता, तर पुढचं सगळं कागदावरच राहिलं असतं.

मग आपण काय करायचं? सगळं गाव एकदम हातात घेऊ नका. गटातल्या दहा-बारा घरांपासून सुरुवात करा. ओलं परसातल्या खड्ड्यात, सुकं धुऊन वाळवून पोत्यात. महिन्याने पोतं वजन करून भंगारवाल्याला दाखवा. कशाला भाव मिळतो, कशाला नाही, ते वहीत लिहा. ती वही घेऊन ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत जा. कचरा ठेवायला शेड मागा, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्यासाठी पैसे मागा, आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका. नुसती तक्रार नेली तर ‘बघू’ म्हणतात. वजनाची वही पुढे ठेवली की उत्तर द्यावं लागतं.

आज संध्याकाळी चुलीपाशी दुसरा डबा ठेवा. फुटका असला तरी चालेल.