गारगोटीला चकाकी
आपल्याकडच्या नदीपात्रांत अकीक, गारगोट्या सापडतात. काळ्या बसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले हे दगड चाकूच्या पात्यालाही दाद देत नाहीत. घरी त्यांना चकाकी आणायची तर टम्बलर हवा, म्हणजे विजेवर फिरणारं छोटं रबरी पिंप. ते दोन-तृतीयांश दगडांनी भरायचं, सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड घालायची आणि दगड जेमतेम बुडतील इतकं पाणी. मग आठवडाभर अखंड घरघर. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं! पुढे बारीक, मग अतिबारीक पूड, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड. दर टप्प्याला सगळं स्वच्छ धुवायचं. भरड पुडीचे कण मागे राहिले, की चरे पडलेच. आणि पिंपात उरलेला राखाडी गाळ मोरीत ओतू नका. नळीत सिमेंटसारखा घट्ट बसतो.