लंडनमधील सातारची वकिलात



वेंगुर्ल्याला बाहेरगांवचा पाहुणा आला, कीं आम्ही त्याला डच वखारीच्या पडक्या भिंती दाखवितों, बंदर दाखवितों आणि काजूची पुडी हातीं देऊन निरोप देतों. १८३८ च्या सुमारास याच गांवीं कांहीं कागद एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं पडले, त्यांची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. त्या कागदांनीं सातारच्या छत्रपतींची गादी हलविली. आणि त्यांच्या खरेखोटेपणाचा निवाडा मागण्यासाठीं एक मराठी वकिलात लंडनमध्यें तेरा-चौदा वर्षें तग धरून राहिली. आज तिच्याविषयीं बोलणार आहें.

वकिलात ही संस्था आपल्याकडे नवी नव्हती. पेशव्यांच्या वतीनें दिल्ली दरबारीं हिंगणे घराण्यांतील पुरुष पिढ्यानपिढ्या वकिली करीत होते. इंग्रजांचा वकील मॅलेट १७८६ सालीं पुण्यास आला. अशा वकिलाभोंवतीं कारकून, मुनशी, जासूद, हुजरे असा सरंजाम असे. पण त्याचें खरें भांडवल म्हणजे दरबारांतील मानाची बैठक. ती बैठक असली, म्हणजे बाकीचें सारें मागाहून जमत असे. विलायतेपर्यंत मजल मात्र क्वचितच गेली. १७८१ सालीं राघोबादादांनीं पाठविलेला हणमंतराव नांवाचा ब्राह्मण, मणियार नांवाच्या पारशी गृहस्थासह व त्याच्या मुलासह, लंडनला होता. त्याला आपलें सोंवळेंओंवळें सांभाळतां यावें, म्हणून एडमंड बर्क यानें आपल्या बेकन्सफील्डच्या बागेंतलें काचघर मोकळें करून दिलें होतें! इतका दिलदार यजमान सातारकरांच्या नशिबीं नव्हता.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीनें प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसविलें, व २५ सप्टेंबर १८१९ च्या तहांत परक्या सत्तांशीं परभारें संबंध ठेवूं नयेत असें कलम घातलें. पुढें जहागिरदारांवरील हक्कासंबंधीं खटके उडूं लागले, आणि मग आरोपांची माळ निघाली. कंपनीचे शिपाई फितविले; नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधलें; गोव्याच्या पोर्तुगीज विजरईशीं कारस्थान केलें. यांपैकीं तिसऱ्या आरोपाचा धागा आमच्या प्रांतांतून जातो. सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८ मध्यें इंग्रजांनीं हातीं घेतला होता. तेथील पोलिटिकल सुपरिंटेंडेंट स्पूनर यानें बाळकोबा केळकर नांवाच्या इसमाकडून वेंगुर्ल्यास कागद मिळविले, आणि तेच कटाचा पुरावा म्हणून पुढें गेले. ज्यांच्याविरुद्ध हा पुरावा, त्या महाराजांना तो दाखवून त्यांचें उत्तर ऐकून घेण्यांत आलें नाहीं. मुंबईचे गव्हर्नर कार्नाक यांनीं, दोष कबूल असल्याचें लिहून द्या म्हणजे गादी राहील, असा मार्ग सुचविला. महाराजांनीं सही नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून पुढें काशीस नेऊन ठेवलें.

गादीवर संकट येत असतांनाच महाराजांनीं माणसें विलायतेकडे धाडण्यास आरंभ केला होता. यशवंतराव राजेशिर्के, भगवंतराव विठ्ठल, मीर अफजल अली हीं त्यांतलीं कांहीं नांवें. मुंबईस नोकरींत असलेले डॉक्टर मिल्न यांच्यासारखे इंग्रजही महाराजांच्या बाजूनें उभे राहिले. मराठा सरदार, ब्राह्मण, मुसलमान आणि इंग्रज असा हा मेळ होता. दिल्लीच्या वकिलातींतही असा मेळ क्वचितच दिसला असेल. १८४० मध्यें रंगो बापूजी गुप्ते येऊन पोंचले. रोहिडखोऱ्यांतील कारीचें हें प्रभु घराणें. बाकीचे सोबती परत गेले, तरी हे राहिले.

त्यांच्यापुढील पेंच असा होता. लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाउसांत कंपनीचे चोवीस डायरेक्टर बसत. त्यांच्यावर सरकारचें बोर्ड ऑफ कंट्रोल. आणि कंपनीचे भागधारक निराळेच. डायरेक्टरांनीं उत्तर दिलें, कीं जें कांहीं सांगावयाचें तें मुंबई सरकारमार्फत सांगा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हातीं अर्ज द्यावयाचा! पदच्युत राजाचा वकील हा वकीलच नव्हे, ही त्यामागची समजूत. दरबारची बैठक अशी पहिल्याच पावलीं गेली.

तेव्हां रंगोबापूजींनीं तिसरें दार ठोठावलें. नऊ पात्र भागधारकांनीं लेखी मागणी केली, तर कंपनीला सर्वसाधारण सभा भरवावी लागे. तेथें गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज टॉम्सन बोलला. पूर्वीं साताऱ्यास रेसिडेंट असलेले लॉड्विक बोलले, आणि या साक्षीचें वजन विशेष होतें. पार्लमेंटांत जोसेफ ह्यूम यानें प्रश्न लावून धरला. मतें पडलीं, कीं पराभव ठरलेला. पण प्रत्येक वादविवाद छापला जाई. मला वाटतें, या वकिलातीनें मिळविलें तें हेंच. वेंगुर्ल्याच्या ज्या कागदांवर आंतल्या आंत निकाल झाला होता, त्यांच्यावर उघड्या सभेंत बोलावें लागलें. रंगोबापूजी स्वतःच्या नांवानें इंग्रजी पत्रकें छापवीत. भाषांतर, छपाई, टपाल, घरभाडें हा खर्च कोठून भागवावयाचा, हा प्रश्न दरवर्षीं अधिक बिकट होत गेला.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस निवर्तले. एप्रिल १८४८ मध्यें त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, आणि डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. ज्याची वकिली करावयाची तो धनी नाहीं, ज्याकरितां करावयाची तें राज्यही नाहीं. तरी रंगोबापूजी महाराजांच्या दत्तक पुत्राचा हक्क मांडीत आणखी पांच वर्षें लंडनांत राहिले. १८५३ मध्यें ते परत निघाले.

सत्तावनच्या धामधुमींत साताऱ्यास कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं गेंडामाळावर ज्यांना मृत्युदंड झाला, त्यांत रंगोबापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगोबापूजी मात्र निसटले, आणि कंपनीच्या हातीं पुन्हां कधींच लागले नाहींत.