पाळणा कोणी हलवावयाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महागाई, बेकारी आणि कंत्राटी कामगारांची पिळवणूक या प्रश्नांच्या पंक्तीत लहान मुलांच्या मोबाईलला जागा कोठे, अशी शंका काहींना येईल. मोबाईलवाचून मूल जेवत नाही ही सुखवस्तू घरांतील तक्रार आहे, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु ती आज झोपडपट्टीतही तितकीच ऐकू येते. तक्रार एकच असली तरी तिच्यामागील परिस्थिती मात्र एक नाही.

ज्या घरात आजी आहे, अंगण आहे, मूल सांभाळण्यास पगारी बाई आहे, तेथे मोबाईल ही केवळ सोय असते. उलट, दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, पाणी आणि नगावर घेतलेले शिवणकाम एकटीने उरकणाऱ्या आईच्या घरी तोच मोबाईल मुलाला स्टोव्हपासून आणि रस्त्यावरील वाहनांपासून दूर ठेवतो. तिला उपदेश करण्यापूर्वी तिच्या दिवसाचा हिशेब मांडावयास हवा.

याचा अर्थ मुलाची हानी होत नाही, असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की एक वर्षाखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. त्याहून कमी असेल तर उत्तमच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांसाठी, नातलगांशी होणारे प्रसंगोपात्त व्हिडिओ कॉल सोडता, पडदा वर्ज्य मानला आहे. यामागील कारण समजण्यास अमेरिकेतील सिॲटल येथील एक प्रयोग उपयोगी पडतो. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी भाषा ऐकविण्यात आली. काही मुलांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून पुस्तक वाचीत आणि खेळवीत होता. काहींना तेच पडद्यावर दाखविले गेले. पहिल्या मुलांना त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखता येऊ लागले. पडद्यासमोर बसलेल्यांना काहीही लाभ झाला नाही. मूल भाषा शिकते ते आपल्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून.

मुलाचे लक्ष हा आज बाजारातील माल झाला आहे, हेही विसरता कामा नये. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती मुलाच्या हितासाठी नव्हे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून गूगल आणि यूट्यूब यांना २०१९ साली अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. एवढ्या बलाढ्य यंत्रणेसमोर एकट्या आईला उभे करून तिच्या दुबळेपणावर बोट ठेवणे हा न्याय नव्हे.

तरीही घरात काही करता येण्यासारखे आहे. एकदम बंदी घातली की मूल आकांत करते आणि चार दिवसांत नियम मोडतो. त्यापेक्षा जेवताना आणि निजण्यापूर्वी मोबाईल नाही, एवढे दोनच नियम घरातील सर्वांनी पाळावेत. पुढील चित्रफीत आपोआप सुरू होणे बंद करावे आणि एक गोष्ट संपली की पडदा मिटावा. शक्य तेव्हा मुलाबरोबर बसून पाहावे, पाहिलेल्यावर बोलावे. आणि या ‘सर्वां’मध्ये बाप येतो. सायंकाळी घरी येऊन स्वतः मोबाईलमध्ये डोके घालणारा पुरुष, मग तो सभेत समतेवर कितीही बोलो, मुलाच्या संगोपनाचा भार पत्नीवरच टाकीत असतो.

परंतु घरातील नियमांची धाव येथेच संपते. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने ते गरिबांच्या अंगणापर्यंत नेले. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर पोहोचविला. मात्र अंगणवाडी सामान्यतः दिवसातील काही तासच चालते आणि तीन वर्षांखालील मुलाला तिच्याकडून मुख्यतः घरी न्यावयाचा आहार मिळतो. २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने पाळणाघराचे बंधन घातले ते पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर. चार घरची धुणीभांडी करणारी किंवा घरीच नगावर काम करणारी स्त्री त्यात बसतच नाही. म्हणजे ज्या वयात पडदा सर्वांत घातक, त्याच वयाच्या मुलाला सांभाळणारे कोणी नाही. ती जागा मोबाईलने घेतली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत तीन वर्षांखालील मुले किती आणि त्यांच्या माता किती तास राबतात, याची घरोघर फिरून नोंद करावी. ती नोंद घेऊन नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे जावे आणि पूर्ण दिवस चालणारे पाळणाघर व ते चालविणाऱ्या सेविकेला पुरेसे वेतन मागावे. मुलाच्या हातातील मोबाईल काढून घेण्याचा उपदेश त्या आईला करण्याचा अधिकार त्यानंतरच प्राप्त होईल.