तीन पानांची शाळा

चित्रकथा रचण्याची कला शिकावी कोठे? रेखाटन चित्रशाळेत शिकता येते. परंतु दोन चौकटींमधील मोकळ्या पट्टीत किती काळ लोटला, हे शब्दांवाचून वाचकाला कसे उमगावे, याचा सराव लहान कथा पुरत्या करून आणि छापून आणल्यावरच होतो. अशा कथांना आसरा देतात ती अनेकांच्या चित्रकथांची संकलने.

अमेरिकन चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनी १९७२ मध्ये अशाच एका संकलनासाठी तीन पानांची कथा काढली. नाझींच्या छळातून वाचलेला पिता आपल्या मुलाला ती हकिकत सांगतो. ज्यू म्हणजे उंदीर, छळणारी मांजरे. रेषा दाट होत्या, चेहरे भावविवश होते.

१९८० मध्ये स्पीगलमन व फ्रान्स्वाज मूली यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘रॉ’ हे संकलन सुरू केले. स्पीगलमन ज्या कलाविद्यालयात शिकवीत, तेथील काही विद्यार्थ्यांची कामेही त्यात आली. दुसऱ्या अंकापासून तोच विषय ‘माउस’ या नावाने क्रमशः अवतरला. आता रेखाटन साधे झाले होते. डोळ्यांच्या जागी बहुधा नुसते ठिपके. चित्रे छापील आकारातच, फाउंटन पेनने काढलेली. चेहऱ्यांनी आक्रोश थांबविला, तेव्हा दुःख वाचकाच्या मनात उतरले. दुसरा व अखेरचा खंड १९९१ मध्ये निघाला; १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पारितोषिक लाभले.

महाग्रंथाचे स्वप्न पाहणाऱ्या नवशिक्याने यातून एवढेच घ्यावे : आधी तीन पाने पुरी करावीत, ती इतरांच्या पानांशेजारी ठेवावीत, आणि काय वगळता येईल ते पाहावे.