गणिताचा पेपर इंग्रजीतच येतो

मुलांनो, पालकहो, इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीबद्दल आज एकच गोष्ट सांगतो. भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीत किंवा उर्दूत घेता येतात. गणित मात्र फक्त इंग्रजीत. आणि २०० पैकी १०० गुण गणिताचे! ५० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. दहावीपर्यंत मुसल्लस, जाविया म्हणत भूमिती शिकलेल्या मुलीचा त्यातला बराच वेळ वाक्य समजण्यात जातो. आपण म्हणतो, पोरगी गणितात कच्ची.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्राम अडला की आधी कुठे अडला ते शोधतो. तुम्हीही सराव पेपरातल्या प्रत्येक चुकीपुढे लिहा: गणित चुकलं, की वाक्य कळलं नाही? वाक्याच्याच चुका जास्त निघाल्या, तर आणखी एक क्लास लावून काय होणार? रोज १० प्रश्न मोठ्याने वाचा आणि काय विचारलंय ते घरच्या भाषेत सांगा, अगदी आईला सांगितलं तरी चालेल. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, म्हणून सुरुवात अकरावीतच करा. आणि हो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.