मोसंबीची निर्यात कोणासाठी?

(पैठण तालुक्यातील मोसंबी उत्पादक व शेतमजूर यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मुख्य भाग.)

छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतील मोसंबी उत्पादकाला आज एकच उपदेश ऐकवला जातो : निर्यात करा, म्हणजे दैन्य फिटेल. निर्यातीला माझा विरोध नाही. परंतु फळ परदेशी गेले की पिकवणाऱ्याचे भले आपोआप होते, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

प्रथम या बागा उभ्या कशा राहिल्या ते आठवा. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी कामाचा हक्क मागितला. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पुढे 1990 मध्ये फळबाग लागवड त्याच योजनेला जोडण्यात आली. खड्डे खोदणे, कलमे लावणे, झाडे जगवणे यांसाठी सार्वजनिक पैसा खर्च झाला. 1976 साली उद्घाटन झालेले जायकवाडी धरणही सार्वजनिक पैशातूनच झाले, आणि त्यासाठी अनेक गावांनी आपली जमीन पाण्याखाली दिली. तेव्हा सातबारा एकाच्या नावावर असला तरी बागेच्या मुळाशी अनेकांचा घाम आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आंबे बहर धरण्यासाठी झाडाला हिवाळ्यात ताण द्यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत फुले आणायची आणि मग सारा उन्हाळा ते फळ पोसायचे. म्हणजे ज्या महिन्यांत गावात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे रांगेत उभे असतात, त्याच महिन्यांत मोसंबीला पाणी हवे असते. 2012-13 च्या दुष्काळात काय झाले ते आपण पाहिले आहे. ज्याच्यापाशी पैसा होता त्याने टँकरने बाग जगवली. ज्याच्यापाशी नव्हता त्याने पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. निर्यातीच्या प्रत्येक टनाबरोबर मराठवाड्याचे पाणीही बाहेर जाते. म्हणून खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे जे तत्त्व 2005 च्या कायद्याने मान्य केले, ते वरच्या धरणांपासून आपल्या गावच्या विहिरीपर्यंत अमलात आणणे ही निर्यातीची पहिली अट मानली पाहिजे.

तिसरा प्रश्न बाजाराचा. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. त्यामुळे कारखान्यात रस साठवून विकणे अवघड. फळ ताजेच विकावे लागते. व्यापारी हे पक्के ओळखून असतो. कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला लहान शेतकरी झाडावरचा माल पाहणीच्या अंदाजाने उक्ता देऊन टाकतो. बाजारात माल नेला तर वजनातून ‘सूट’ कापली जाते. ‘जालना मोसंबी’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे, पण मानांकनाने फळाला नाव मिळते, शेतकऱ्याच्या हाती तराजू येत नाही.

निर्यातीत तर तराजूखेरीज आणखी पुष्कळ काही लागते. फळांची प्रतवारी, धुलाई, मेणाचा लेप, शीतगृह, औषधांच्या अवशेषांची तपासणी या साऱ्यांवर ज्याची मालकी, नफा त्याचा. शिवाय एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका विदर्भाने अनुभवला आहे. तेथील संत्रा मोठ्या प्रमाणावर बांगलादेशात जात असे. त्या देशाने आयातशुल्क वाढवत नेले. 2023 मध्ये ते किलोमागे 88 रुपयांवर पोहोचले, निर्यात कोसळली आणि राज्य सरकारला निम्मा भार उचलण्याची घोषणा करावी लागली. बागवानाने काहीही चूक केली नव्हती, तरी शिक्षा त्यालाच झाली.

मग मार्ग कोणता? तोही महाराष्ट्रातच सापडतो. 1991 साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. सुरुवातीच्या खेपांत तिने अपयश सोसले, पण शीतकरणापासून प्रतवारीपर्यंतचे ज्ञान शेतकऱ्यांच्या संघटनेकडे आले. मोसंबीत हे का होऊ नये? बदनापूरला कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. पैठण तालुक्यात इसारवाडीला ‘सिट्रस इस्टेट’ मंजूर झाली आहे. अशा संस्थांच्या कारभारात दोन एकरवाल्या बागवानाला आणि फळे तोडणाऱ्या मजुराला प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. नाहीतर त्याही मूठभर बड्या बागायतदारांच्या मिरासदारीत जमा होतील.

आणि मजुराचे काय? भर उन्हात तोडणी करणाऱ्या, टोपली वाहणाऱ्या स्त्रीच्या मजुरीचा प्रश्न निर्यातीच्या चर्चेत कोणी काढत नाही. भाव वाढला तर तिची मजुरी वाढेल काय, हे आजच ठरवून घ्या. शेतकरी आणि मजूर यांच्यात भांडण लावून नफा नेणारा तिसराच असतो.

मित्रहो, निर्यात अवश्य करूया. पण गावोगावी आधी सहकारी संस्था उभ्या करा, उक्ते सौदे थांबवा आणि वजनातील सूट नाकारा. एकट्याने नाकारली तर माल बाजारात पडून राहील. सर्वांनी मिळून नाकारली तर व्यापाऱ्याला नमावे लागेल. याची सुरुवात येत्या बहरापासूनच झाली पाहिजे.