दिवस किती भरले?

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडीसारख्या सीमाभागातील गावात गरोदर स्त्रीला शेवटची पाळी केव्हा आली असे विचारले, तर पुष्कळदा तारखेऐवजी सण सांगितला जातो: वेळा अमावास्येच्या सुमारास. ही आठवण टाकाऊ नव्हे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून प्रसूतीपर्यंत २८० दिवस धरतात. चांद्रगणनेने ते साडेनऊ महिने होतात. मध्ये अधिक मास न आल्यास मार्गशीर्ष अमावास्येपासूनचे दिवस कोजागरीच्या सुमारास भरतात. परंतु ‘सुमारास’ या शब्दात दोन-तीन आठवडे सहज लपतात. म्हणून सोनोग्राफीचे साह्य घ्यावे लागते.

ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली या तंत्राविषयीचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. सोनोग्राफी वय मोजीत नाही. ती आकार मोजते, व आकारावरून वयाचा अदमास केला जातो. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळजवळ सारख्याच गतीने वाढतात. त्यामुळे डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरून काढलेले वय पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डोक्याचा व पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी पाहतात. परंतु तोवर एकाच वयाची बालके लहानमोठी झालेली असतात. मग चूक तीन-चार आठवड्यांपर्यंत जाऊ शकते.

धोका येथेच आहे. पोषणाअभावी खुरटलेले बालक वयाने लहान ठरले, तर उपचाराची वेळ निघून जाते. उलट, अंगाने थोराड बालक पूर्ण दिवसांचे समजून प्रसूती लवकर घडविली, तर त्याची फुप्फुसे अपक्व राहतात. पहिलटकरीण माहेरी आली आणि पहिला अहवाल सासरीच राहिला, म्हणजे डॉक्टरांपुढे हाच पेच उभा राहतो. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजमाप घेऊन वाढीची गती पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

रूढ सूत्रे बहुतांशी पाश्चात्त्य गर्भांच्या मापांवरून बसविलेली आहेत. २०२४ साली मद्रास आय.आय.टी. व फरिदाबादची एक संशोधनसंस्था यांनी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातील नोंदींवरून ‘गर्भिणी’ नावाचे भारतीय सूत्र पुढे आणले. तरीही वेळीच घेतलेल्या मापाची सर कशालाच नाही. चोविसाव्या आठवड्यापूर्वी एकदा सोनोग्राफी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्या पहिल्या तपासणीने ठरलेली तारीख पुढच्या मोजमापांनी बदलावयाची नसते. मुलगी माहेरी निघाली, की साड्यांबरोबर तो पहिला कागदही तिच्या पेटीत ठेवावा.